तुमच्या अ‍ॅपमध्ये नेमका कोणाकोणाचा कोड आहे? जावावाल्यांचा हा हिशोब मेव्हन आणि ग्रेडल ठेवतात

१० डिसेंबर २०२१. वार शुक्रवार. वीकेंड तोंडावर आलेला आणि जगभरातल्या आयटी कंपन्यांमध्ये एकच प्रश्न फिरायला लागला. आपल्याकडे लॉग-फोर-जे आहे का?

प्रश्न हो किंवा नाही असं उत्तर देण्याइतका साधा होता. पण भल्याभल्या कंपन्यांना ते उत्तर देता येईना. काहींना दोन तास लागले, काहींना दोन आठवडे. हा फरक कशामुळे पडला, हे समजून घ्यायचं तर जावाच्या दुनियेतल्या दोन कारभाऱ्यांची ओळख करून घ्यावी लागते. मेव्हन आणि ग्रेडल.

आधी त्या शुक्रवारी झालं काय ते बघू.

लॉग-फोर-जे ही जावातली एक फुकट लायब्ररी. काम एकदम कारकुनी. सॉफ्टवेअरमध्ये काय काय घडलं त्याच्या नोंदी ठेवायच्या. कोणी लॉगिन केलं, कुठे एरर आली, कोणी काय सर्च केलं. दुकानातली रोजकीर्द म्हणा ना. २०१३ मध्ये या लायब्ररीत एक जादा सोय आली. नोंदीत ठराविक पद्धतीने लिहिलेला मजकूर दिसला, तर लायब्ररी त्यात दिलेल्या पत्त्यावर जाऊन माहिती आणायची.

लोचा असा की नोंदीतला मजकूर बऱ्याचदा बाहेरचा माणूस लिहितो. डॉलरचं चिन्ह, महिरपी कंस आणि आत स्वतःच्या सर्व्हरचा पत्ता, एवढं एखाद्या चॅटबॉक्समध्ये टाकलं की समोरचा सर्व्हर त्या पत्त्यावर जाऊन तिथला कोड आणायचा आणि चालवायचा. माइनक्राफ्ट या गेमच्या चॅटमध्ये लोकांनी हे करूनही दाखवलं. अलीबाबा क्लाउडच्या सुरक्षा टीममधल्या चेन झाओजुन यांनी २४ नोव्हेंबरलाच ही भानगड अपाचे फाउंडेशनला कळवली होती. ती जगजाहीर झाली तेव्हा तिला धोक्याच्या मोजपट्टीवर १० पैकी १० मार्क मिळाले. नाव पडलं लॉगफोरशेल.

आता तुम्ही म्हणाल, लायब्ररी खराब निघाली तर काढून टाका, त्यात काय एवढं. पण काढायची तर ती कुठे आहे हे आधी माहीत हवं.

कुठलंही जावा सॉफ्टवेअर बनवताना प्रोग्रामर सगळा कोड स्वतः लिहीत नाही. डेटाबेसशी बोलायची एक लायब्ररी, पीडीएफ बनवायची दुसरी, तारखा सांभाळायची तिसरी. या जार नावाच्या फाइल्समध्ये बांधून मिळतात. आपला कोड कंपाइल करायचा, त्याला या जार जोडायच्या, टेस्ट चालवायच्या आणि सगळ्याचं एक गाठोडं करून सर्व्हरवर टाकायचं. या सगळ्या उठाठेवीला बिल्ड म्हणतात.

सुरुवातीच्या काळात हे बरंचसं हाताने चालायचं. इंटरनेटवरून जार उतरवायची आणि प्रोजेक्टच्या 'लिब' फोल्डरमध्ये टाकायची. दोन वर्षांनी तिची आवृत्ती कोणती, कोणी टाकली, कशाला टाकली, काही पत्ता नसायचा. टाकणारा तोवर नोकरी बदलून गेलेला असायचा.

कंपाइल करण्याचा त्रास आधी सुटला. सी भाषेच्या जगात १९७६ पासून 'मेक' नावाचं टूल होतं. त्याच्या फाइलमध्ये टॅबच्या जागी स्पेस पडली तरी ते रुसून बसायचं. सन मायक्रोसिस्टिम्समध्ये टॉमकॅट सर्व्हरवर काम करणाऱ्या जेम्स डंकन डेव्हिडसन यांनी जावासाठी स्वतःचं टूल लिहिलं. २००० मध्ये ते 'अँट' नावाने वेगळं बाहेर आलं. पण अँटला काय करायचं ते पायरीपायरीने सांगावं लागायचं. हा फोल्डर कर, ह्या फाइल्स कंपाइल कर, तिथे ठेव. आणि जार आणायच्या कुठून, हे त्याच्या गावीही नव्हतं.

ती जागा मेव्हनने भरली. जेसन व्हॅन झिल यांनी अपाचेच्याच टर्बाइन प्रोजेक्टमध्ये याची सुरुवात केली, २००४ मध्ये पहिली पक्की आवृत्ती आली आणि २००५ मध्ये दुसरी. मेव्हन हा यिडिश शब्द, अर्थ साधारण जाणकार माणूस.

मेव्हनची पहिली अट म्हणजे घराची रचना सगळ्यांची सारखी. कोड या फोल्डरमध्ये, टेस्ट त्या फोल्डरमध्ये. नियम पाळला तर काही सांगावं लागत नाही. यावर तेव्हा भरपूर कुरकुर झाली, आजही होते. पण पुण्यातला डेव्हलपर कंपनी बदलून दुसरीकडे गेला तरी नव्या प्रोजेक्टमध्ये काय कुठे ठेवलंय हे त्याला न विचारता कळतं, ते याच अटीमुळे.

दुसरी गोष्ट जास्त मोठी. प्रोजेक्टमध्ये 'पॉम' नावाची एक फाइल असते. कोणती लायब्ररी हवी ते तिच्यात लिहायचं. बनवणाऱ्याचा गट, लायब्ररीचं नाव आणि आवृत्ती, या तीन गोष्टी सांगितल्या की जगातल्या नेमक्या एका जारचा पत्ता तयार होतो. मेव्हन 'मेव्हन सेंट्रल' नावाच्या सार्वजनिक गोदामात जातं, ती जार उतरवतं आणि तुमच्या कॉम्प्युटरवर एका लपवलेल्या फोल्डरमध्ये ठेवून देतं. नवीन नोकरीत पहिल्यांदा बिल्ड चालवलं की स्क्रीनवर डाउनलोडच्या ओळींची रांग धावते. चहा पिऊन यायची वेळ तीच.

आणि खरी गंमत इथून सुरू होते.

समजा लग्नाला आचारी ठरवला. तुमचा व्यवहार आचाऱ्याशी. आचारी किराणा त्याच्या ओळखीच्या दुकानातून आणतो. तो दुकानदार तेल एका घाऊक व्यापाऱ्याकडून घेतो. तेलात भेसळ निघाली तर पंगत तुमच्या मांडवात बसलेली असते आणि त्या व्यापाऱ्याचं नाव तुम्ही आयुष्यात ऐकलेलं नसतं.

लायब्ररींचंही तसंच. तुम्ही पॉममध्ये दहा लायब्ररी लिहिता. त्या दहांना आणखी पन्नास लागतात, त्या पन्नासांना आणखी काही. मेव्हन न कुरकुरता सगळ्या आणतं. तुमचं काम सोपं होतं, पण घरात नेमकं कोण कोण राहायला आलंय हे डोळ्यांसमोरून निघून जातं. लॉगफोरशेलनंतर काही दिवसांतच गूगलच्या टीमने मेव्हन सेंट्रलची तपासणी केली. पहिल्या मोजणीत ३५,००० हून जास्त पॅकेजेसना झळ बसलेली दिसली, म्हणजे तिथल्या एकूण मालाच्या ८ टक्क्यांच्या वर. त्यातल्या ८० टक्क्यांहून जास्त ठिकाणी ही लायब्ररी थेट घेतलेली नव्हती, आडून आलेली होती. बहुतेक ठिकाणी पाचव्या पातळीवर, काही ठिकाणी नवव्या.

ज्यांच्याकडे मेव्हन होतं त्यांनी एक कमांड मारली. 'डिपेन्डन्सी ट्री', म्हणजे लायब्ररींची वंशावळ. कोणी कोणाला आणलं हे त्यात फांद्यांसारखं उलगडतं. नको असलेलं नाव सापडलं की वरच्या पॉममध्ये एका ठिकाणी आवृत्ती बदलायची, खालचे सगळे मॉड्यूल तीच घेतात. ज्यांनी हाताने जार टाकल्या होत्या, ते मात्र सर्व्हर-सर्व्हर फिरून फोल्डर उघडत बसले.

तेही एकदा करून भागलं नाही. २.१५ आली, त्यात पळवाट सापडली. २.१६ आली, मग २.१७, आणि २८ डिसेंबरला २.१७.१. ही सगळी धावपळ कोण करत होतं? मूठभर स्वयंसेवक, दिवसा स्वतःची नोकरी करून.

मेव्हनचीही एक खोड आहे. एकाच लायब्ररीच्या दोन आवृत्त्या झाडात आल्या, तर ते नवी-जुनी बघत नाही. तुमच्या प्रोजेक्टपासून जी कमी अंतरावर, ती घेतं. समजा एका लायब्ररीची १.० आवृत्ती दोन पायऱ्यांवर आहे आणि २.० तीन पायऱ्यांवर. मेव्हन १.० उचलतं. बिल्ड सुरळीत पार पडतं, आणि रात्री प्रॉडक्शनवर कोणीतरी २.० मधलंच फंक्शन मागतं. ते नसतं. सर्व्हर आडवा.

ग्रेडल अशा वेळी सगळ्यात नवी आवृत्ती घेतं. ऐकायला शहाणपणाचं वाटतं, पण नव्या आवृत्तीने जुनं काही काढून टाकलेलं असेल तर तिथेही आपटायची सोय आहेच. ग्रेडलची १.० आवृत्ती २०१२ ची. एक्सएमएलच्या लांबच लांब टॅगऐवजी ग्रूव्ही भाषेत, नंतर कोटलिनमध्ये सूचना लिहायच्या. जे बदललंय तेवढंच पुन्हा बनवायचं, त्यामुळे वेग चांगला. २०१३ मध्ये गूगलने अँड्रॉइड स्टुडिओसोबत ग्रेडल आणलं आणि त्याचं नशीब फळफळलं. तुमच्या हातातल्या अँड्रॉइड फोनमधली बरीचशी अ‍ॅप्स त्यातूनच बांधून आलेली असतात. दोघांत चांगलं कोणतं यावर डेव्हलपर मंडळी मिसळीसारखी भांडतात. सरळसोट प्रोजेक्टला मेव्हनचा कडकपणाच बरा पडतो, अँड्रॉइडवाल्यांना मात्र बहुतेक वेळा ग्रेडलच घ्यावं लागतं.

वंशावळीतही सगळं दिसतंच असं नाही. काही लायब्ररीवाले दुसऱ्याचा कोड स्वतःच्या जारमध्ये कालवून टाकतात. मग झाडात त्याचं नावच येत नाही. आणि बँकेने किंवा हॉस्पिटलने बाहेरून विकत घेतलेल्या सॉफ्टवेअरचं काय? त्याची पॉम फाइल विकणाऱ्याकडे, धोका मात्र घेणाऱ्याकडे.

म्हणून आता सॉफ्टवेअरच्या 'घटकांची यादी' मागायला सुरुवात झाली आहे. बिस्किटाच्या पुड्यावर मैदा, साखर, पामतेल लिहिलेलं असतं तशी. अमेरिकेने मे २०२१ च्या सरकारी आदेशात हे आणलं, लॉगफोरशेलच्या सात महिने आधी. भारतात सर्ट-इनने ऑक्टोबर २०२४ मध्ये यासाठी मार्गदर्शक सूचना काढल्या. अशी यादी मेव्हन आणि ग्रेडल प्लगिन लावून बिल्डच्या वेळीच काढून देतात, कारण माहिती मुळात त्यांच्याकडेच असते.

अमेरिकेच्या सायबर सुरक्षा आढावा मंडळाने जुलै २०२२ च्या अहवालात म्हटलं की ही भानगड दहा वर्षं किंवा त्याहूनही जास्त काळ कुठे ना कुठे सापडत राहील. त्याचं एक कारण मेव्हन सेंट्रलच्या नियमातच आहे. तिथे एकदा ठेवलेली जार बदलता येत नाही आणि काढताही येत नाही, कारण काढली तर जगात कुठेतरी कोणाचं तरी बिल्ड मोडेल. त्यामुळे लॉग-फोर-जेची ती जुनी, भोक असलेली २.१४.१ आजही तिथेच पडून आहे. पॉममध्ये तिचं नाव लिहिलं, तर मेव्हन ती मुकाट्याने उतरवून देतं.