एकच रस्ता आणि साठ लिटर पाणी



सोलापूरच्या सात रस्त्यावर उभे राहिले म्हणजे माणसाला वाटांची वाण नसते. एक चुकली तर दुसरी धरावी. मुलांच्या शिक्षणापायी आम्ही या चौकालगत दोन खोल्या घेतल्या, त्याला आता वीस वर्षे झाली. शेत गावाकडे, भीमेच्या खोऱ्यात, पण कालव्याच्या वरच्या अंगाला. म्हणजे पाणी विहिरीचे आणि बोअरचे. निम्मे आयुष्य सात रस्ता ते शेत अशा खेपा घालण्यात गेले. अशा आम्हा नवरा-बायकोला जुलै २०२३ मध्ये परमुलखात गाडी हाकावी लागली, आणि तीही अशा ठिकाणी की दोनशे किलोमीटरमध्ये रस्ता एकच, वाटेत गाव नाही आणि हटकायला माणूस नाही. संपादकांनी गळ घातली म्हणून त्या प्रवासाची हकीकत सभासदांपुढे ठेवतो.

निघताना

आमचा थोरला ऑस्ट्रेलियात अॅडलेडला नोकरीस असतो. हे शहर त्या देशाच्या दक्षिण किनाऱ्यावर आहे. तिकडे जुलै म्हणजे ऐन थंडी, आणि आतल्या ओसाड मुलखात फिरण्याचा हंगामही तोच. मुलाला रजा नव्हती. त्याने टपावर तंबू बसवलेली एक दणकट गाडी भाड्याने घेऊन दिली आणि म्हणाला, "आबा, तुम्ही आणि आई दोघंच जाऊन या. रस्ता डाव्या बाजूचाच आहे, आपल्यासारखा."

खरे सांगायचे तर तेव्हा आम्हा उभयतांत धड बोलणे नव्हते. कारण चौथे बोअर. आमच्या रानात तीन बोअर पाडून झालेली. त्यातल्या दोहोंनी नुसता धुरळा दाखवला, तिसरे कसेबसे दोन तास चाले. पाणाड्याने हातावर नारळ उभा करून नवी जागा दाखवली होती, आणि आम्ही बोअरच्या गाडीवाल्याला विसारही देऊन आलो होतो. सौ.चे म्हणणे वेगळे. "अहो, ज्या रानानं दोनदा नाही म्हटलं, तिथं पुन्हा पैसा कशाला पुरताय? आणि लागलंच पाणी, तर ते भाऊजींच्या विहिरीचंच असंल की." भाऊजी म्हणजे आमचे चुलतभाऊ, बांधाला बांध लागून. हे भांडण आम्ही विमानात घेऊन बसलो, ते थेट वाळवंटात नेले.

सामान भरताना मुलाने बजावले की पिण्याचे पाणी बरोबर न्या, वाटेतल्यावर भरवसा ठेवू नका. वीस लिटरचे तीन कॅन घेतले. त्यांचा ताबा सौ.नी घेतला. सात रस्त्याच्या घरी नळाला रोज पाणी येत नाही. चार-पाच दिवसांचा हिशेब पिंप, हंडा आणि कळशीत बसवणे तिच्या हाताखालचे काम. तिने कॅनवर पेनाने खुणा केल्या. दिवसाला दोघांत मिळून दहा लिटर, त्यावर थेंब नाही. दाढी करायची असेल तर गावात गेल्यावर.

ओसाड मुलूख

अॅडलेडहून उत्तरेला सुमारे पावणेसातशे किलोमीटरवर मरी नावाचे गाव लागते. आपल्याकडे या नावाच्या गावात कोणी मुक्काम करणार नाही! पण गावाचा इतिहास ऐकून आम्हाला आपलेपणा वाटला. १८६० नंतर या वाळवंटात सामान वाहण्यासाठी कराचीसारख्या बंदरांतून उंट आणि उंटवाले नेले गेले. तिकडे सगळ्यांनाच 'अफगाण' म्हणत, पण त्यात बलुचिस्तान, सिंध, पंजाबकडचेही लोक पुष्कळ होते. १८७२ मध्ये पुरी झालेली देशाच्या आरपार जाणारी तारायंत्राची लाइन आणि पुढची रेल्वे, दोन्हींच्या कामाला हे उंट राबले. 'घॅन' हे रेल्वेचे नाव त्या अफगाणांवरूनच पडले. जुना लोहमार्ग १९८० मध्ये बंद झाला. आता त्याचे मोडके पूल तेवढे रस्त्याकडेला उभे आहेत.

मरीपासून ऊडनाडाटा मार्ग सुरू होतो. नाव मोठे, पण रस्ता मातीचा आणि खडीचा. तास-तास समोरून गाडी येत नाही. आली तर चालक एक बोट वर करून रामराम घालतो. वाटेत तारेचे एक लांबलचक कुंपण ओलांडावे लागते. मेंढरांना रानकुत्र्यांपासून राखण्यासाठी घातलेले हे कुंपण सुमारे ५६०० किलोमीटर लांब आहे. पुढे आयर सरोवराचा दक्षिण भाग दिसतो. सरोवर म्हणायचे, पण आम्ही पाहिला तो मिठाचा पांढरा पट्टा. त्याची सर्वांत खोल जागा समुद्रसपाटीच्याही खाली, सुमारे १५ मीटर. तिथल्या मूळच्या अराबाना लोकांचे त्याला नाव आहे काटी थांडा. याच भागातले एक गुरांचे रान आपल्या सोलापूर जिल्ह्याएवढे आहे, आणि ते एकाच मालकाचे!

पाऊस किती, तर वर्षाला दीडशे मिलिमीटरच्याही आत. आपला सोलापूर जिल्हा अवर्षणप्रवण म्हणून आपण कपाळाला हात लावतो, पण आपल्याकडे सरासरीने त्याच्या तिपटीहून जास्त पडतो. हे आकडे ऐकून सौ. एवढेच म्हणाल्या, "मग आपलं पाणी जातंय तरी कुठं?" आम्ही गाडी चालवण्यात लक्ष असल्याचे दाखवले.

कावर्ड स्प्रिंग्जचा मुक्काम

मरीपासून सुमारे १३० किलोमीटरवर कावर्ड स्प्रिंग्ज हे तळ ठोकण्याचे ठिकाण आहे. पूर्वी ते रेल्वेचे ठाणे होते. भोवती सगळे उजाड, आणि मधेच खजुराची जुनी झाडे, बोरू आणि पाणपक्षी. आम्ही टपावरचा तंबू उघडला, गॅसच्या शेगडीवर पिठले टाकले, मुलाच्या घरून करून आणलेल्या भाकरी काढल्या आणि शेंगाची चटणी सोडली. रात्री थंडी अशी की सोलापुरी चादरी दोन-दोन घेतल्या. आभाळात तारे इतके की ओळखीचे नक्षत्र शोधणे अवघड, आणि आपला ध्रुव तर तिथून दिसतच नाही.

एका रात्रीचा बेत होता. पहाटे पाऊस आला. आपल्या हिशेबाने तो पाऊसच नव्हे, भुरभुरच. पण मातीच्या रस्त्याचा लगेच राडा झाला आणि रस्ता बंद केल्याचे कळले. बंद रस्त्यावर गाडी घातली तर दंड होतो, आणि रुतली तर आपली आपण काढायची. एका रात्रीच्या तीन रात्री झाल्या. शेजारी बोअरचे कोमट पाणी वाहते, अंघोळीला उत्तम, पण खारट, पिण्याच्या कामाचे नाही. सौ.नी कॅनवरच्या खुणा पुसून नव्या केल्या. दहाचे सहा लिटर झाले. भांडी वाळूने घासून ओल्या फडक्याने पुसायची. आम्ही पहिल्या दिवशी सवयीने चूळ भरून निम्मा तांब्या फेकला, तर तिने नुसते पाहिले. बोलली नाही. त्या पाहण्याने काम झाले.

म्हाताऱ्याची गोष्ट

शेजारच्या तंबूत सत्तरीपुढचे एक जोडपे होते. तिकडे कामातून मोकळी झालेली अशी पुष्कळ जोडपी महिनोन्महिने गाडीतच फिरत असतात. म्हातारबुवा क्वीन्सलँडकडचे गुरेवाले निघाले. आमचे इंग्रजी बेताचे, पण शेतकऱ्याला शेतकऱ्याचे कळते. आम्ही ऊसवाले म्हटल्यावर त्यांनी सांगितले की त्यांच्या प्रांतात किनाऱ्याकडे ऊस आहे, तोडणी सगळी यंत्राने. मग विषय पाण्यावर आला.

त्या देशाच्या पोटात एक अवाढव्य जलसाठा आहे. विस्तार सुमारे १७ लाख चौरस किलोमीटर, म्हणजे आपल्या महाराष्ट्राच्या पाचपटीहून मोठा. पूर्वेच्या डोंगरांत पडलेला पाऊस वालुकाश्मात मुरतो आणि वर्षाला काही मीटर अशा मुंगीच्या चालीने इकडे सरकतो. काही ठिकाणचे पाणी दहा लाख वर्षांहून जुने आहे. वरच्या कठीण थरामुळे ते दाबाखाली असते, म्हणून भोक पाडले की मोटारीविना आपोआप वर उसळते. १८७८ पासून लोकांनी अशी बोअरे पाडली. पाणी फुकट, मग तोटी कशाला? उघड्या चरांतून ते मैलोनमैल सोडून दिले. त्यातले नव्वद टक्क्यांहून अधिक वाटेतच उन्हाने उडाले नाही तर जमिनीत जिरले.

आमच्या तळाचे बोअरही त्यातलेच. १८८६ मध्ये पाडले, पुढे आतली नळी गंजून खाऊन गेली आणि पाणी कित्येक वर्षे मोकाट वाहिले. १९९३ मध्ये ते नीट करून आवरले गेले. तोवर सगळीकडे मिळून व्हायचे ते झालेच होते. दाब उतरला, पुष्कळ बोअरे आपोआप वाहायची थांबली, आणि हजारो वर्षे ज्यांच्या आधाराने तिथली मूळची माणसे या वाळवंटातून ये-जा करत, ते झरेही काही ठिकाणी आटले.

मग १९९९ पासून मोठी मोहीम चालली. बोअरला तोटी बसवायची, चर बुजवायचे आणि नळीने पाणी हौदात न्यायचे. खर्चाचा वाटा सरकारनेही उचलला आणि जमीनमालकांनीही. म्हातारबुवा म्हणाले, "मी पाच वर्षं विरोध केला. माझ्या आज्याचं बोअर, माझ्या जमिनीतलं पाणी, सांगणारे तुम्ही कोण? मग शेजाऱ्यानं तोटी बसवली आणि माझ्याकडचा दाब वाढला. तेव्हा लाज वाटली. पाणी माझं नव्हतंच. मी फक्त वरून भोक पाडलं होतं."

हे आम्ही सौ.ना मराठीत सांगितले. त्या म्हणाल्या, "बघा." एवढेच.

चौथ्या दिवशी रस्ता उघडला. विल्यम क्रीकवरून कूबर पीडीला आलो. तिथे ओपल नावाच्या रत्नांच्या खाणी आहेत, आणि उन्हाच्या त्रासामुळे कित्येक माणसे जमिनीखाली घरे कोरून राहतात. पुढे डांबरी रस्त्याने साडेआठशे किलोमीटर तोडून अॅडलेड गाठले. त्या रस्त्यावर ५३ मीटर लांबीच्या मालगाड्या धावतात. त्यांच्यापुढे आपला दोन ट्रॉल्यांचा ट्रॅक्टर म्हणजे पोरखेळ. कॅनमध्ये चार लिटर पाणी उरले होते. आमच्या सौ.नी ते ओतून न देता मुलाच्या कुंडीतल्या कढीपत्त्याला घातले.

परत आल्यावर

गावी आल्याबरोबर बोअरच्या गाडीवाल्याला नको म्हणून सांगितले. विसार बुडाला. आपला खडक तिकडच्यासारखा नाही. आपल्या काळ्या पाषाणात पाणी असते ते भेगांत आणि मुरमाच्या थरात, आणि ते दरसालच्या पावसाचे. म्हणजे आपला साठा त्यांच्याहून किती तरी लहान. त्यांनी शंभर वर्षांत उधळले, आपल्याला दहा-पंधराही पुरतात.

त्या संध्याकाळी चुलतभावाच्या ओसरीवर जाऊन बसलो. बोअरवरून आमचे दोन वर्षे बोलणे तुटले होते. सौ.नी विषय काढला. ठरले ते असे, की त्यांची विहीर आणि आमचे चालते बोअर मिळून एकच पाणी धरायचे, पाळ्या लिहून ठेवायच्या, दंडाने मोकाट पाणी द्यायचे बंद, आणि दोन्हीकडच्या उसाला ठिबक. आमच्या चार एकरांपैकी अडीच एकरच ऊस ठेवला, बाकी तूर आणि ज्वारी.

कारखान्याच्या पत्रिकेत ऊस कमी करा असे लिहिणे बरे दिसत नाही, आणि आम्ही तसे म्हणतही नाही. पण २०२३ चा पाऊसकाळ दगा देऊन गेला, आणि २०२४ च्या उन्हाळ्यात उजनी मृतसाठ्यात किती खोल गेली हे सर्वांनी पाहिले. आमच्या शिवारात त्या उन्हाळ्यात नवी पाडलेली बोअरेही कोरडी गेली, उभे फड वाळले. आमचा अडीच एकर पिवळा पडला, पण जगला आणि कारखान्याला गेला. चार एकर धरला असता तर एकही कांडे गेले नसते. भाऊजींनी पाळीच्या वहीत एकदाही खाडाखोड केली नाही, हेही नमूद केले पाहिजे.

ते तीन कॅन मुलाने आमच्याबरोबर पाठवून दिले. सात रस्त्याच्या घरी मोरीजवळ उभे आहेत. त्यांच्यावरच्या पेनाच्या खुणा अजून पुसट दिसतात. पाणी नळाला आले की सौ. आधी ते भरतात, आणि पाळीच्या दिवशी आम्ही शेताकडे निघालो की हमखास विचारतात, "अहो, वही घेतली का?"