लोहमार्ग आणि शासकीय अर्थसाहाय्य : हैदराबादचा अनुभव

लोहमार्गांना शासनाने अर्थसाहाय्य द्यावे काय, हा प्रश्न नवा नाही. मराठवाडा ज्या हैदराबाद संस्थानाचा भाग होता, तेथे तो शतकाहूनही अधिक काळापूर्वी उपस्थित झाला होता.

वाडी ते सिकंदराबाद हा मार्ग निजाम सरकारच्या पुढाकाराने १८७४ साली सुरू झाला. त्याच्या विस्तारासाठी १८८३ मध्ये कंपनी स्थापन होऊन तिच्या भांडवलावर २० वर्षे ५ टक्के व्याजाची हमी देण्यात आली. त्याच वर्षी चांदा रेल्वे योजनेच्या अटी जाहीर कराव्यात, अशी मागणी सुशिक्षित नागरिकांनी केली. तिचे पुरस्कर्ते डॉ. अघोरनाथ चट्टोपाध्याय यांना संस्थानाबाहेर जावे लागले.

हमीची आवश्यकता का भासली? रूळ, पूल व स्थानके यांवर आरंभीच प्रचंड खर्च होतो. त्यानंतर प्रत्येक वाढीव प्रवाशाचा वा मालाचा खर्च अल्प असतो. संपूर्ण खर्च भाड्यातूनच वसूल करावयाचा झाल्यास भाडे वाढते, वाहतूक घटते आणि मार्ग अर्धवट वापरात राहतो. शिवाय होणारा सर्व लाभ तिकिटातून वसूल होत नाही. येल्लंडूचा कोळसा १८७० च्या दशकाच्या आरंभी आढळला. पण तो दूरच्या बाजारपेठेत नेणे १८८८ मध्ये लोहमार्ग तेथवर पोहोचल्यानंतरच सुकर झाले. मनमाड-सिकंदराबाद मार्गाने औरंगाबाद, जालना, परभणी व नांदेड येथील कापसाला व्यापारपेठेची वाट मिळाली. असा लाभ शेतकरी, व्यापारी व शासकीय महसूल यांत विभागला जातो.

तथापि, हमीचा दोषही विसरता येत नाही. व्याज निश्चित असल्यास काटकसरीची प्रेरणा मंदावते आणि तोट्याचा भार करदात्यावर पडतो. अखेरीस १९३० मध्ये संस्थानाने हा लोहमार्ग स्वतःच्या मालकीचा केला.

हेच तत्त्व आजही दिसते. हैदराबादची उपनगरी सेवा २००३ मध्ये रेल्वे व राज्य शासन यांच्या संयुक्त खर्चातून सुरू झाली; २०१७ मध्ये आरंभ झालेल्या मेट्रोस केंद्राचे व्यवहार्यता-तूट अनुदान मंजूर झाले होते. रस्त्यांवरील गर्दी व धूर कमी होण्याचा लाभ रेल्वेने प्रवास न करणाऱ्यासही मिळतो, हे त्यामागील कारण होय.

म्हणून अनुदान असावे की नसावे एवढ्यावरच वाद थांबू नये. ते कोणत्या सार्वजनिक लाभासाठी, किती काळ व कोणत्या अटींवर दिले जाते, हे लोकांसमोर स्पष्ट असले पाहिजे. १८८३ च्या नागरिकांची मागणीही नेमकी तीच होती.