पाटीवर आकडा आहे, नावे कुठे आहेत?



तुमच्या गावच्या चावडीला किंवा जुन्या शाळेला एखादी संगमरवरी पाटी बसवलेली आहे का, ते एकदा पाहा. सातारा, पुणे, रत्नागिरीकडे पुष्कळ गावांत ती आहे. १९१४ ते १९१९ च्या महायुद्धास गावातून इतके गेले, पैकी इतक्यांनी प्राण दिले, एवढाच मजकूर. सातारा तालुक्यातील अपशिंग्याने त्या युद्धात ४६ माणसे गमावली. लोक त्याला मिलिटरी अपशिंगेच म्हणतात.

११ नोव्हेंबर १९१८ रोजी सकाळी ११ वाजता युरोपात तोफा थांबल्या. तोवर हिंदुस्थानचे सुमारे ७४ हजार सैनिक गेले होते. मराठा पलटणींतली बरीच पोरे मेसोपोटेमियात, म्हणजे आजच्या इराकात होती. तिथे कूत शहराला डिसेंबर १९१५ मध्ये तुर्कांचा वेढा पडला. धान्य संपले, घोडे कापले गेले. धर्मापायी आपल्यातल्या अनेकांनी ते मांस कित्येक आठवडे तोंडी लावले नाही. २९ एप्रिल १९१६ ला शरणागती झाली आणि कैद्यांना वाळवंटातून पायी नेले. त्या वाटेवरही माणसे पडली.

पुढे बसऱ्याला स्मारक झाले. त्यावर गोऱ्या शिपायांची नावे कोरली, आपल्या साध्या शिपायांचा पलटणीवार नुसता आकडा! २०२१ साली राष्ट्रकुल युद्धसमाधी आयोगाने या भेदभावाबद्दल माफी मागितली. पण आपल्या चावडीवर अजून आकडाच आहे.

तेव्हा यंदा ११ नोव्हेंबरला हार घालण्याआधी नावे गोळा करा. घरातल्या म्हाताऱ्या बायांना विचारा. सासऱ्याचा कोण भाऊ लढाईवर गेला तो आलाच नाही, हे त्यांना ऐकून ठाऊक असते. देव्हाऱ्यामागे किंवा ट्रंकेत जुने पदक, पेन्शनचा कागद निघतो. तहसीलच्या दप्तरातले जुने फेरफार काढा, मयताच्या वारसांची नोंद लागली तर नाव हाती येते. त्या आयोगाच्या यादीत पुष्कळदा बापाचे नाव आणि गावही असते. शाळेतली पोरे मोबाइलवर शोधून देतील.

त्या दिवसांत गव्हाच्या पेरणीची घाई असते, म्हणून कार्यक्रम संध्याकाळी देवळापुढे ठेवा. भाषणे दोनच. नावे ज्याच्या त्याच्या घरातल्या माणसाने वाचावीत, लेकी-सुनांनीही. आणि पाटीला ऑइलपेंट फासू नका. साधे पाणी आणि मऊ फडके पुरे.