नवी गाडी घेताना (लेखांक ६) : शोरूममधील ‘प्रोटेक्शन पॅकेज’

नव्या गाडीच्या कोटेशनमध्ये एक्स-शोरूम किंमत, आरटीओ आणि विमा यांच्या खाली ‘पेंट प्रोटेक्शन’, ‘इंटिरिअर प्रोटेक्शन’ आणि ‘अँटी-रस्ट’ अशा दोन-तीन ओळी असतात. एक्स-शोरूम किंमत कंपनी ठरवते आणि आरटीओचा कर सरकार. या ओळींचा दर मात्र डीलरच्या हातात असतो. ग्राहकाने घासाघीस सुरू केली की सर्वांत आधी याच रकमा खाली येतात, कधी ‘तुमच्यासाठी फ्री’ही होतात. त्यांत नफ्याचा वाटा किती असेल, याचा अंदाज त्यावरूनच येतो. पैसे द्यायचे की नाही हे ठरवण्याआधी गाडीच्या रंगाची रचना समजून घ्यावी लागते.

रंगाचे थर

कारखान्यातून निघालेल्या गाडीच्या पत्र्यावर चार थर असतात. सर्वांत खाली गंज रोखणारा, विजेच्या साहाय्याने चढवलेला लेप, त्यावर प्रायमर, मग रंग आणि सर्वांत वर पारदर्शक क्लिअर कोट. चारही मिळून जाडी साधारण १०० ते १२० मायक्रॉन, म्हणजे मिलिमीटरचा जेमतेम दहावा भाग भरते. त्यातला क्लिअर कोट सुमारे ४० मायक्रॉनचा असतो. अतिनील किरण शोषणारी द्रव्ये त्यातच मिसळलेली असतात आणि तो भट्टीत १४० अंश सेल्सिअसच्या आसपास तापवून पक्का केलेला असतो. त्यामुळे कोटिंग केले नाही तर नव्या गाडीचा रंग उन्हाने लगेच उडेल, ही भीती निराधार आहे.

सोलापुरात रंग कशाने खराब होतो?

एप्रिल-मेमध्ये सोलापूरचा पारा चाळिशी ओलांडतो आणि उन्हात उभ्या गडद रंगाच्या गाडीच्या बॉनेटला हात लावता येत नाही. लिंबाच्या झाडाखाली सावली मिळते, पण तिथे पक्ष्यांची विष्ठा पडते. तिच्यातले आम्ल तापलेल्या क्लिअर कोटमध्ये उतरते आणि कायमचा डाग सोडते. नळाला रोज पाणी येत नसल्याने अनेक घरी गाडी बोअरच्या पाण्याने धुतली जाते. ते उन्हात वाळले की क्षारांची पांढरी वर्तुळे उरतात. गाळपाच्या हंगामात जिल्ह्यातल्या साखर कारखान्यांची काजळी गाड्यांवर बसते, होटगीच्या बाजूला सिमेंटची धूळ.

यापेक्षाही जास्त नुकसान करते ती रोज सकाळी कोरड्या फडक्याने गाडी पुसण्याची सवय. धुळीतले वाळूचे बारीक कण फडक्याखाली घासले जातात आणि काही महिन्यांत उन्हात बॉनेटवर गोल ओरखड्यांचे जाळे चमकू लागते. जुन्या सोलापुरी टॉवेलचे तुकडे या कामाला सर्रास वापरले जातात. टॉवेलचे फासे झिजलेले असतील तर धूळ उचलली न जाता रंगावरच फिरते, आणि काठाची शिलाईही ओरखडे पाडते.

कोणते कोटिंग काय करते?

‘टेफ्लॉन कोटिंग’ हा सर्वांत जुना प्रकार. टेफ्लॉन ३२७ अंश सेल्सिअसला वितळते आणि तव्यावर ते त्याहून अधिक उष्णतेत भाजून बसवतात. गाडीच्या रंगावर एवढी उष्णता देणे अशक्य असल्याने या नावाखाली प्रत्यक्षात लागते ते चांगल्या प्रतीचे पॉलिश. त्याने चमक येते, पाणी घरंगळते, पण काही महिन्यांच्या धुण्यात ते निघून जाते.

सिरॅमिक कोटिंग सिलिकायुक्त द्रवाचे असते. ते रंगाला घट्ट चिकटते, चमक वाढवते, आणि चिखल व विष्ठा लवकर धुता येते. पण त्याची जाडी एक-दोन मायक्रॉनच असते. जाहिरातीतले ‘९एच’ हे पेन्सिलीच्या शिशाच्या कठीणपणाचे माप आहे. धुळीतली वाळू काचेवरही ओरखडा पाडते, तिच्यापुढे शिसे टिकत नाही. त्यामुळे सिरॅमिक धुण्याची मेहनत वाचवते, ओरखडा मात्र थांबवत नाही.

पीपीएफ (पेंट प्रोटेक्शन फिल्म) ही १५० ते २०० मायक्रॉन जाडीची पारदर्शक फिल्म आहे. उडालेल्या खडीचा मार खरोखर झेलणारा हा एकच प्रकार, आणि सर्वांत महागही. पुणे किंवा हैदराबाद महामार्गावर नियमित धावणाऱ्या गाडीला पूर्ण फिल्मची गरज नसते. बॉनेटची पुढची कड, बंपर आणि आरसे एवढ्यावर ती लावली तरी पुरते.

काम कसे होते?

सिरॅमिक नीट बसवायचे तर गाडी धुवून रंगात रुतलेले कण काढावे लागतात, पॉलिश करावे लागते, तेलाचा अंश पुसून मग एकेका भागावर लेप द्यावा लागतो आणि तो वाळेपर्यंत निदान एक दिवस गाडी पाण्यापासून दूर ठेवावी लागते. पाडवा किंवा दसऱ्याच्या मुहूर्तावर एकाच दिवशी गाड्यांची रांग डिलिव्हरीला उभी असताना या सगळ्याला वेळ कुठून येणार? मग वॉशिंग बेमध्ये तासाभरात हात फिरवला जातो आणि वॉरंटी कार्डावर ‘पाच वर्षे’ लिहिले जाते. त्या कार्डावरच्या अटीही वाचण्यासारख्या असतात. दरवर्षी पैसे भरून देखभाल करून घेणे सक्तीचे असते, ओरखडे, पक्ष्यांची विष्ठा आणि क्षाराचे डाग वगळलेले असतात, आणि दावा मंजूर झालाच तर बहुधा पुन्हा कोटिंग मिळते, नवा रंग नाही.

आतील भाग आणि गाडीचा तळ

सीटच्या कापडावर मारला जाणारा फवारा सांडलेला चहा काही काळ वर तरंगत ठेवतो, पण बसण्या-उठण्याच्या घर्षणाने झिजतो. शिवाय सोलापुरात बहुतेक जण पहिल्याच आठवड्यात रेक्झिनचे सीट कव्हर चढवतात. मग फवारा कव्हरखाली निरुपयोगी पडून राहतो, आणि पुष्कळदा दोन्हींचे बिल एकाच डीलरकडे भरलेले असते. डॅशबोर्डला चकचकीत पॉलिश केले तर दुपारी त्याचे प्रतिबिंब समोरच्या काचेत पडते. उन्हात डॅशबोर्ड सत्तर अंशांच्या आसपास तापतो. त्याला काचेआड लावलेला साधा सनशेड अधिक वाचवतो.

तळाच्या अँटी-रस्ट कोटिंगची गरज खाऱ्या हवेत, म्हणजे कोकण किनाऱ्यावर, समजण्यासारखी आहे. सोलापूरच्या कोरड्या हवेत कारखान्यातलाच लेप सहसा पुरतो. घाईत मारलेल्या जाड थराने पाणी वाहून जाण्याची छिद्रे बुजली तर उलट आतून गंज धरतो.

सक्ती झाल्यास

‘पॅकेज घेतल्याशिवाय गाडी नाही’ असे सांगणे ग्राहक संरक्षण कायदा २०१९ नुसार प्रतिबंधक व्यापारी प्रथेत मोडते. अशा वेळी रकमांची फोड लेखी मागावी. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५ आहे, आणि त्यापुढे जिल्हा ग्राहक आयोगाचा मार्ग आहे. गाडी कितीची घेतली त्यावर तिथले तक्रार शुल्क ठरते. ५ लाखांपर्यंत ते लागत नाही.

एकंदरीत, शोरूममधले पॉलिश, कापडावरचा फवारा आणि तळाचे कोटिंग नाकारण्यात तोटा नाही. हौस असेल तर सिरॅमिक, आणि महामार्गावर धावपळ असेल तर अर्धवट पीपीएफ, गाडी ताब्यात आल्यावर बाहेरच्या डिटेलिंगवाल्याकडे, काम समोर बघत करून घ्यावे. बाकीच्यांना सावलीची जागा, आधी पाण्याने धूळ उतरवून मगच मायक्रोफायबरने पुसणे, विष्ठा दिसताच धुणे आणि तीन-चार महिन्यांनी घरी वॅक्स एवढे पुरेसे आहे.