अड्ड्यावरची जोडी

पुण्यात वारज्याच्या मजूर अड्ड्यावर सकाळी साडेसातला गेलं, की कोण कुठलं काम करतं हे विचारावं लागत नाही. रंगाऱ्याच्या हातात ब्रश असतो, सुताराच्या पिशवीतून करवत डोकावते, गवंडी थापी आणि ओळंबा दिसेल असा धरून उभा राहतो. बिगाऱ्याकडे दाखवण्यासारखं फारसं काही नसतं. फावडं नाहीतर घमेलं, आणि जेवणाचा डबा. बायका थोड्या मागे, साडीवर नवऱ्याचा जुना शर्ट चढवून कडेला बसलेल्या. सिमेंटनं हात फाटतात, म्हणून शर्टाच्या बाह्या पार मनगटापर्यंत ओढलेल्या.

इथली माणसं नांदेड, लातूर, बीड, सोलापूरची, आणि सीमेपलीकडच्या विजयपुरा, कलबुर्गी, यादगीरची. अड्ड्यावर मराठी, कन्नड आणि लमाणांची गोरमाटी एकाच वेळी कानावर पडते. 1972च्या दुष्काळात यातल्याच काही जिल्ह्यांतून माणसं पुण्यात आली आणि परत गेलीच नाहीत. त्यांची मुलं-नातवंडं आज इथं मजूर निवडायला गाडी घेऊन येणाऱ्यांतही भेटतात. बाकीच्यांचं येणं-जाणं अजून शेताच्या हिशेबानं चालतं. यादगीरकडचे लोक तुरी काढून झाल्या की उद्यान एक्स्प्रेस धरतात आणि मृगाच्या आधी पेरणीला परततात. मात्र दर वर्षी परतणाऱ्यांतले थोडे मागे राहतात. पोर शाळेत घातलेलं असतं, नाहीतर गावाकडची उचल अजून फिटलेली नसते.

नवखा माणूस इथं लगेच ओळखू येतो. गाडी थांबली की तो धावतो. जुने जागचे हलत नाहीत. ते गाडीवाल्याला खाली उतरू देतात. नवख्याला पहिला धडा कुणीतरी शेजारचाच देतो. मी बसले होते तिथं लातूरकडची एक मावशी एका कोवळ्या पोराला समजावत होती, "पोरा, हजेरी किती ते मागून इचार. आधी इचार काम कंचं हाय. राडारोडा असंल तर कितव्या मजल्यावरून, लिफ्ट हाय का न्हाई. सुट्टी कवा. आन् परत इथं आणून सोडणार का."

या पाच प्रश्नांत शहराची सगळी ओळख आहे असं मला वाटतं. चौथ्या मजल्यावरून फुटक्या फरशांची पोती खाली आणायची आणि लिफ्ट वापरायला सोसायटीची परवानगी नाही, हे आधी कळलं तर हजेरी वाढवून मागता येते. गाडीत बसल्यावर कळलं तर पाठ मोडते. 'परत सोडणार का' हा प्रश्न बायकांचा. संध्याकाळी अनोळखी भागातून दोन बस बदलून यायचं म्हणजे पैसे जातात आणि घरी पोरांना जेवायला उशीर होतो. गावाकडं असे प्रश्न विचारायची वेळ फारशी येत नाही, तिथं मालक आणि त्याचं रान दोन्ही ओळखीचे असतात. इथं रोज मालक नवा.

यादगीरच्या एका जोडीबरोबर मी कामावर गेले. अड्ड्यावर जोडी म्हणजे नवरा-बायको, आणि ठेकेदार जोडीच मागतात, कारण मिस्त्री आणि हाताखालचं माणूस एकदम मिळतं. दोघं आले तेव्हा दोघंही बिगारी होते. तो विटा देता देता विटकाम शिकला, मग गिलावा, मग फरशी. आता तो मिस्त्री आहे. ती अजून बिगारीच. वस्तीत त्यांची पत्र्याची खोली आहे. घरमालकानं डिपॉझिट घेतलं, कागद काही केला नाही. वीजबिल मालकाच्या नावावर. पत्त्याचा पुरावा म्हणून दाखवायला दोघांकडे यादगीरचं आधार कार्ड तेवढं आहे. मुलाच्या शाळेचं मात्र अडलं नाही. जन्माचा दाखला नाही म्हणून मुलाला परत पाठवता येत नाही, असं 2009चा शिक्षण हक्काचा कायदा सांगतो, आणि मुख्याध्यापकबाईंनी तो पाळला. खोलीचं भाडं माणसं मोजून ठरतं, म्हणून गावाकडून दीर आला की आधी मालकाला सांगावं लागतं.

काम होतं कर्वेनगरातल्या एका जुन्या फ्लॅटच्या न्हाणीघराचं. जुनी फरशी उखडून झाली होती. तिनं आल्या आल्या वाळू चाळायला घेतली. मग सिमेंट-वाळू कोरडीच दोनदा खालीवर केली, मधे आळं करून पाणी सोडलं आणि माल कालवला. भिंतीच्या टाईल्स तिनं आधीच बादलीत भिजत टाकल्या होत्या. कोरडी टाईल मालातलं पाणी ओढून घेते आणि पुढं सुटते. हे तिला कुणी शिकवलं नाही. सुटलेल्या टाईल्स पुन्हा बसवताना घमेलं तिनंच उचललेलं आहे.

तो पाण्याच्या नळीनं लेव्हल काढत होता. नळीचं दुसरं टोक तिच्या हातात. पाणी ठरलं की ती एक शब्द बोलायची, तो खूण करायचा. माल किती घट्ट हवा हे त्याला सांगावं लागत नव्हतं. भिंतीला एक, जमिनीला दुसरा, हे ती कामाकडं बघून ठरवत होती. दुपारनंतर जमिनीच्या फरशा बसल्या. न्हाणीघरात सगळ्यात महत्त्वाचा असतो ढाळ. सगळं पाणी जाळीकडं वाहून गेलं पाहिजे, नाहीतर कोपऱ्यात साचतं आणि खालच्या घराच्या छताला ओल धरते. त्यानं शेवटची फरशी ठोकून बसवली आणि तो उठला. ती वाकली, मगभर पाणी दाराजवळ हलकेच सोडलं आणि बघत राहिली. पाणी जाळीपर्यंत आलं, पण एक पातळ पट्टा नळाखाली थांबला. तिनं कन्नडमध्ये काहीतरी म्हटलं. तो थोडा चिडला, पुन्हा बघितलं, आणि मुकाट्यानं दोन फरशा उचलल्या. माल अजून ओला होता म्हणून निभावलं. दुसऱ्या दिवशी लक्षात आलं असतं तर फोडावं लागलं असतं.

संध्याकाळी ठेकेदार आला. त्याला अकराशे दिले, तिला सहाशे. मी ठेकेदाराला त्या ढाळाबद्दल सांगितलं. तो माणूस वाईट नाही, पैसे वेळेवर देतो म्हणून त्याचं अड्ड्यावर नाव आहे. म्हणाला, "ताई, बाईला मिस्त्रीची हजेरी कोण देतं?" खरंच कुणी देत नाही. समान कामाला समान मोबदला देण्याचा कायदा 1976 साली झाला, पण बाईच्या कामाला 'मिस्त्रीचं काम' म्हणायचंच नाही, एवढं केलं की असा कायदा जागच्या जागी थांबतो. थापी हातात आली तर ती वर्षभरात फरशी बसवेल, याबद्दल मला शंका नाही. नवऱ्यालाही नाही, तो माझ्याशी तसं बोलला. पण मग माल कोण कालवणार, हा त्याचा प्रश्न, आणि तोही खोटा नाही. दुसरा बिगारी घ्यायचा तर त्याची हजेरी ठेकेदार देणार नाही.

बांधकाम कामगारांसाठी 1996 साली कायदा झाला. बांधकामाच्या खर्चावर एक टक्का उपकर घेतला जातो आणि त्यातून कल्याणकारी मंडळाच्या योजना चालतात: मुलांची शिष्यवृत्ती, बाळंतपण, अपघात. अठरा ते साठ वयाच्या कुणालाही नोंदणी करता येते, पण गेल्या बारा महिन्यांत नव्वद दिवस काम केल्याचं प्रमाणपत्र लागतं. मोठ्या साइटवर ते सोपं असतं. अड्ड्यावरच्या बाईनं नव्वद दिवस काम केलं ते कितीतरी वेगवेगळ्या मालकांकडं, आणि त्यातल्या बहुतेकांना तिचं नावही माहीत नाही. महापालिकेच्या अधिकाऱ्याचंही प्रमाणपत्र चालतं, पण त्यासाठी अड्ड्यावरचा एक दिवस बुडवायचा, आणि साहेब जागेवर नसले तर दुसरा. पुण्यातली किती न्हाणीघरं या हातांनी उभी राहिली आहेत ते मोजायला कुणी जात नाही. पुरावा मात्र त्यांनीच आणायचा. हे उलटं आहे. ज्या कार्यालयात प्रमाणपत्र मिळतं त्याचं एक टेबल सकाळी सात ते दहा अड्ड्यावर यायला काय हरकत आहे?

त्याच संध्याकाळी फ्लॅटच्या मालकीणबाई काम बघायला आल्या. ठेकेदार खाली गाडीशी गेला होता. मिस्त्रीच्या बायकोनं त्यांना जाळी दाखवली, पुन्हा एक मग पाणी सोडून दाखवलं, आणि नळाचा आटा गळतोय, तो आत्ताच बदलून घ्या, असंही सांगितलं. मग कमरेच्या पिशवीतून साधा मोबाइल काढून मालकीणबाईंच्या हातात दिला. "मॅडम, नंबर टाका तुमचा. परत काही निघालं तर आम्ही दोघं डायरेक येतो."

अड्ड्यावरून सुटायची वाट हीच असते. ठेकेदाराला मधे न घेता थेट बोलावणारी घरं जमवायची. असे किती नंबर झाले म्हणून मी विचारलं.

"चौदा," ती म्हणाली. "सगळे माझ्या फोनात आहेत. त्याच्या फोनात नाहीत. कामाला किती घ्यायचं, ते मी बोलते."

मालकीणबाई नंबर टाकून विचारत होत्या, नाव काय लिहू. तिनं सांगितलं, बाथरूम लिहा, कर्वेनगर, तिसरा मजला.