चिनी वनौषधी-कल्पांची गुणवत्ता : निवडीचे निकष

१९९० च्या सुमारास ब्रुसेल्स येथील एका चिकित्सालयात मेदनाशक उपचार घेणाऱ्या स्त्रियांची मूत्रपिंडे अल्पावधीत निकामी होऊ लागली. तेथील योगात त्याच वर्षी दोन चिनी वनौषधींची भर घालण्यात आली होती. त्यांपैकी एक ‘फांग ची’ ह्या नावाची होती. अपेक्षित द्रव्य ‘हान फांग ची’, म्हणजे गुळवेलीच्या कुलातील स्टीफानिया टेट्रान्ड्रा हिचे मूळ, हे होते. परंतु तपासलेल्या बहुतेक नमुन्यांत तिचे गमक असलेले टेट्रान्ड्रीन आढळले नाही. आढळले ते अरिस्टोलोकिक आम्ल. हे आम्ल ‘ग्वांग फांग ची’, म्हणजे ईश्वरीच्या प्रजातीतील अरिस्टोलोकिया फांगची, ह्या सर्वस्वी भिन्न वनस्पतीत असते. ह्या घटनेची पहिली शास्त्रीय नोंद १९९३ साली झाली व पुढे रुग्णसंख्या शंभराच्या वर गेली. २००० साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीत, निकामी मूत्रपिंडे व मूत्रवाहिन्या काढून घेण्यास संमती दिलेल्या ३९ रुग्णांपैकी १८ जणांत मूत्रमार्गाचा कर्करोग आढळला.

चिनी वनौषधी-कल्पांच्या गुणवत्तेचा विचार ह्या घटनेपासून सुरू करणे सोयीचे आहे. कारण ‘चांगल्या प्रतीचा कल्प’ ह्या शब्दप्रयोगात वस्तुतः चार-पाच निरनिराळे प्रश्न दडलेले आहेत व त्यांचा क्रम बदलून चालत नाही.

पहिला प्रश्न ओळखीचा. एका चिनी नावाखाली अनेक वनस्पती विकल्या जातात व एकाच वनस्पतीला प्रदेशपरत्वे निरनिराळी नावे असतात. आयुर्वेदाच्या अभ्यासकास ही अडचण नवी नाही. ‘रास्ना’ ह्या नावाने निरनिराळ्या प्रांतांत निरनिराळी मुळे दिली जातात व ‘संदिग्ध द्रव्ये’ हा द्रव्यगुणशास्त्रातील स्वतंत्र विषयच होऊन बसला आहे. म्हणून कल्पाच्या वेष्टनावर केवळ व्यावहारिक नाव न देता वनस्पतीचे शास्त्रीय नाव व उपयोगात आणलेले अंग दिलेले असावे, ही पहिली अपेक्षा होय. अखंड द्रव्याची परीक्षा डोळ्यांनी व सूक्ष्मदर्शकाने करता येते. चूर्ण किंवा अर्क झाल्यावर मात्र रासायनिक परीक्षेवाचून गत्यंतर नसते.

दुसरा प्रश्न संस्काराचा. बचनागाच्या प्रजातीतील ‘छ्वान वू’ हे मूळ भिजवून व दीर्घकाळ उकळूनच वापरावयाचे असते. त्या क्रियेत अकोनिटीनाचे जलीय विघटन होऊन पुष्कळच कमी विषारी असे घटक तयार होतात. संस्कार अपुरा राहिला तर तेच द्रव्य हृदयाच्या स्पंदनात घातक अनियमितता निर्माण करते. आयुर्वेदातील वत्सनाभाच्या शोधनाचे प्रयोजनही हेच आहे. तात्पर्य, येथे द्रव्य खरे असणे पुरेसे नाही. त्यावर कोणता संस्कार झाला हेही ठाऊक असावे लागते.

तिसरा प्रश्न शुद्धतेचा. चीनच्या औषधकोशाच्या २०२० च्या आवृत्तीत वनस्पतिज द्रव्यांसाठी दर किलोग्रॅममागे शिसे ५, आर्सेनिक २, कॅडमियम १ व पारा ०.२ मिलिग्रॅम ह्या सर्वसाधारण मर्यादा दिल्या आहेत. गंधकाची धुरी हा ह्याच सदरात येणारा विषय. धुरीमुळे मुळे पांढरी व टवटवीत दिसतात, कीडही लागत नाही. पण ‘पाय शाओ’ ह्या मुळातील पिओनिफ्लोरिन हा प्रमुख घटकच धुरीने बदलून त्याचे सल्फोनेट बनते. ग्राहक ज्या शुभ्रतेला गुण मानतो, ती अनेकदा गुणहानीची खूण असते.

ह्याहून गंभीर प्रकार म्हणजे न सांगता मिसळलेली आधुनिक औषधे. कॅलिफोर्निया राज्याच्या आरोग्य विभागाने तपासलेल्या २६० आशियाई तयार औषधांपैकी निदान ८३, म्हणजे ३२ टक्के, औषधांत अघोषित औषधी रसायने किंवा जड धातू आढळल्याचे १९९८ साली प्रसिद्ध झाले. वनौषधीचा गुण अपेक्षेपेक्षा फार त्वरित येऊ लागल्यास आनंदापेक्षा संशयास अधिक जागा आहे, असे म्हणावयास हरकत नाही.

चौथा प्रश्न प्रमाणाचा. संहत कणरूप कल्पांवर ‘५ : १’ असे गुणोत्तर पुष्कळदा छापलेले असते. त्याचा अर्थ पाच भाग कच्च्या द्रव्यापासून एक भाग कल्प, एवढाच. मूळ द्रव्य कोणत्या प्रतीचे होते हे त्यावरून कळत नाही. एकाच गमक घटकाचे मापनही फसवे ठरू शकते. गिंको पानांच्या अर्कात स्वस्त रुटिन मिसळून एकूण फ्लेव्होनॉइडांचा आकडा भरून काढल्याची उदाहरणे आहेत. म्हणून एका आकड्यापेक्षा अनेक घटकांचे परस्परप्रमाण दाखविणारा वर्णलेखनाचा संपूर्ण ठसा अधिक विश्वसनीय मानतात.

परंपरेने ह्यावर ‘ताओ ती’, म्हणजे विशिष्ट भूमीत पिकलेले द्रव्य, हा निकष दिला आहे : ‘तांग क्वेइ’ कान्सूची, ‘कोउ ची’ची फळे निंग्शियाची. भूमी, हवामान व लागवडीची रीत ह्यांचा द्रव्यघटकांवर परिणाम होतो, हे खरे. परंतु प्रदेशाचे नाव छापणे सोपे असल्यामुळे तो पुरावा न मानता केवळ सूचक मानावा. अधिकृत नोंदणी क्रमांक, उत्पादकाचे नाव, गट क्रमांक आणि त्या गटाचा परीक्षण अहवाल ह्यांची सांगड जुळते की नाही, हे पाहणे अधिक फलदायी होय.

हे सर्व निकष पूर्ण झाले तरी एक प्रश्न उरतोच. ‘क्वान मू थुंग’ हे अरिस्टोलोकिया मंचूरिएन्सिसचे खोड चीनच्या औषधकोशाच्या २००० च्या आवृत्तीत अधिकृत द्रव्य होते. २००३ साली त्याची मान्यता रद्द झाली. तत्पूर्वी त्याचा जो नमुना मानकाशी तंतोतंत जुळत होता, तोही मूत्रपिंडास अपायकारकच होता. ब्रुसेल्समध्ये चुकीचे द्रव्य आले होते. येथे योग्य द्रव्यच घातक होते. गुणवत्तेची परीक्षा कल्प सांगितल्याप्रमाणे आहे की नाही एवढेच सांगते. तो द्यावा की न द्यावा, हा निर्णय विषशास्त्र व चिकित्सालयीन अनुभव ह्यांनीच करावयाचा असतो. आणि ह्या दोन परीक्षांपैकी एक दुसरीची जागा घेऊ शकत नाही.