गाजराचा घाट आणि युरियाची वेळ

कागल तालुक्यातील मुरगूड हे वेदगंगेच्या काठचे गाव असून, पाटगावच्या मौनी सागर जलाशयातून नदीत सुटणाऱ्या पाण्यावर या परिसरात उसाचे शिवार उभे राहिले आहे. उसाच्या मुलुखात नत्राचा, म्हणजे पिकाला हिरवेपणा आणि वाढ देणाऱ्या अन्नद्रव्याचा, अंदाज पानांवरून घेतला जातो. पान पिवळसर दिसले की युरिया कमी पडला आणि काळपट हिरवे झाले की तो पोहोचला, असे सर्वसाधारणपणे मानले जाते. उसात ही पारख फारशी फसत नाही, कारण तेथे जे विकायचे ते जमिनीच्या वर, डोळ्यांसमोर वाढत असते. गाजर मात्र विकायचा भाग मातीआड ठेवते आणि पाला तेवढा वर दाखवते. त्यामुळे पाल्याला मानवलेले नत्र मुळालाही मानवले असेल, हा उसावरून बांधलेला अंदाज गाजराच्या वाफ्यात चुकण्याचा संभव मोठा असतो. फाटे फुटलेली, उकललेली किंवा अंगभर बारीक मुळे आलेली गाजरे काढणीला हाती येतात, तेव्हा नत्राच्या मात्रेइतकाच नत्राच्या रूपाचा, जागेचा आणि वेळेचा विचार करावा लागतो.

टोक सांभाळले तर लांबी सांभाळली

गाजर हे अन्न साठवून जाड झालेले सोटमूळ होय. बी रुजायला एक ते दोन आठवडे लागतात आणि त्यानंतरच्या तीन-चार आठवड्यांत दोऱ्याइतके बारीक असलेले सोटमूळ सरळ खाली उतरत जाते. या अवस्थेत ते गाजरासारखे दिसतही नाही, परंतु पुढे गाजर किती लांब आणि किती सरळ होणार हे बहुतांशी याच काळात ठरून जाते. पुढच्या टप्प्यात मुळाच्या आतील ऊतककर, म्हणजे नव्या पेशी घडवत राहणारा कड्यासारखा थर, काम सुरू करतो. तो आतल्या बाजूस गाभा आणि बाहेरच्या बाजूस साखर व रंगद्रव्य साठवणारा गर तयार करतो, आणि शेतकरी ज्याला गाजर पोसणे म्हणतात ती क्रिया हीच.

सोटमुळाचे वाढते टोक जिवंत आहे तोवर बगलेची मुळे दुय्यम राहतात आणि अन्नपाणी शोषण्यापुरती बारीकच वाढतात. ते टोक काही कारणाने मेले किंवा अडले, तर बगलेच्या मुळांपैकी दोन-तीन मुळे त्याची जागा घेतात, खाली वळतात आणि पुढे तीच पोसून जाड होतात, म्हणजेच गाजराला फाटे फुटतात. टोमॅटो किंवा कोबीप्रमाणे गाजराची रोपे तयार करून लावली जात नाहीत, यामागचे कारणही हेच आहे. रोप उपटताना सोटमुळाचे टोक तुटते आणि तुटलेल्या टोकाच्या रोपापासून सरळ गाजर मिळण्याची आशा राहत नाही. त्यामुळे खताने गाजराचा घाट बिघडवला असे म्हणताना, त्या कोवळ्या काळात खत त्या टोकाशी कसे वागले, हे आधी तपासावे लागते.

युरिया मातीत गेल्यावर

युरियात ४६ टक्के नत्र असते, परंतु पीक ते बहुतांशी युरियाच्या रूपात घेत नाही. ओलसर मातीत युरिएज नावाचे विकर, म्हणजे रासायनिक क्रिया घडवणारे प्रथिन, युरियाचे काही दिवसांत अमोनियम कार्बोनेटमध्ये रूपांतर करते, आणि या क्रियेत खताच्या दाण्याभोवतीची माती काही काळ अधिक अल्कधर्मी होते. अमोनियम आणि अमोनिया ही एकाच पदार्थाची दोन रूपे असून त्यांचा समतोल सामूवर, म्हणजे आम्ल-अल्क मोजण्याच्या मापावर, अवलंबून असतो. सुमारे २५ अंश सेल्सिअस तापमानाला सामू ७.२५ असताना अमोनियाचा वाटा साधारण १ टक्का, ८.२५ ला सुमारे ९ टक्के आणि ९.२५ ला निम्मा असतो. अमोनिया कोवळ्या मुळाला विषारी असल्यामुळे, बियाण्याच्या ओळीत किंवा ओळीच्या अगदी खाली दिलेला युरिया सोटमुळाच्या टोकाला जाळू शकतो. १८:४६ म्हणून ओळखले जाणारे डीएपी खतही अमोनियमधारी आहे आणि विरघळताना आजूबाजूची माती अल्कधर्मी करते, त्यामुळे त्याचे दाणे बियाण्याला चिकटून पडणे तितकेच धोक्याचे ठरते. मुळातच चुनखडीयुक्त आणि अधिक सामूच्या भारी काळ्या जमिनीत हा धोका वाढतो, तर विरघळलेल्या खताच्या क्षारांमुळे मुळाच्या टोकाला पाणी ओढणे जड जाते, ही त्यात आणखी एक भर पडते.

पुढे मातीतील नायट्रोसोमोनास आणि नायट्रोबॅक्टर या जातींचे जिवाणू अमोनियमचे टप्प्याटप्प्याने नायट्रेटमध्ये रूपांतर करतात. नायट्रेट टोकाला जाळत नसले तरी मुळांच्या मांडणीवर त्याचाही परिणाम होतो. एम. सी. ड्र्यू या इंग्लंडमधील संशोधकाने १९७५ मध्ये सातूच्या मुळांवरील प्रयोगांत असे दाखवले, की मुळाच्या एखाद्याच भागाला नायट्रेट, अमोनियम किंवा स्फुरद भरपूर मिळाले तर नेमक्या त्याच भागात बगलेची मुळे दाट फुटतात. आणि झांग व फोर्ड यांनी १९९८ मध्ये अरॅबिडॉप्सिस या मोहरीच्या कुळातील वनस्पतीत अशा प्रतिसादामागचे एक जनुक ओळखले. हे प्रयोग गाजरावरचे नाहीत, परंतु मातीत खत एकसारखे न मिसळता ढिगाऱ्या-ढिगाऱ्याने पडले तर मुळे त्या ढिगाऱ्यांकडे झुकतात, एवढा बोध त्यांतून निश्चित मिळतो, आणि वाफ्यात युरिया हाताने फेकताना तो कोठे दाट, कोठे विरळ पडतो, याला त्यामुळे वेगळे महत्त्व येते.

पाला डौलदार, गाजर बारीक

पोसण्याच्या काळात नत्राची अडचण निराळ्या प्रकारची असते. पानांत तयार झालेली साखर नवी पाने घडवायला वापरावी की मुळात साठवावी, हा वनस्पतीपुढचा वाटणीचा प्रश्न असतो, आणि नत्र मुबलक असले की वाटणी पाल्याच्या बाजूला झुकते. उशिरापर्यंत युरिया मिळत राहिलेल्या वाफ्यात पाला गुडघ्याला लागतो, तरी गाजर त्या मानाने बारीक निघते. याच काळात पाण्याचा ताण पडून नंतर एकदम भरपूर पाणी मिळाले, तर गाजराचा आतला भाग बाहेरच्या भागापेक्षा वेगाने फुगतो आणि गाजर उभे उकलते. जादा नत्र आणि विरळ लागवड या दोन्हींमुळे असे उकलणे वाढते. याचा अर्थ नत्र टाळावे असा मात्र होत नाही, कारण नत्र कमी पडले तर पाने खुरटतात, साखर कमी तयार होते आणि सरळ असूनही गाजर काडीसारखे राहते.

ऊस तुटून गेलेल्या रानात गाजर घेणाऱ्यांना या उशिराच्या नत्राचा एक छुपा मार्गही लक्षात घ्यावा लागतो. जमिनीत गाडलेल्या पाचटात कर्बाच्या मानाने नत्र फार थोडे असते, म्हणून ते कुजवणारे जिवाणू सुरुवातीला मातीतलेच नत्र स्वतःसाठी ओढून घेतात आणि पाचट कुजून गेल्यावर ते परत सोडतात. परिणामी गाजराला कोवळेपणी नत्राची ओढ जाणवते, ती पाहून शेतकरी वरखताची मात्रा वाढवतो, आणि नेमके पोसण्याच्या दिवसांत वरचे आणि मातीतले असे दोन्ही नत्र एकत्र येऊन मिळते. त्यातच न कुजलेली उसाची खोडकी मातीत राहिलेली असतील, तर ती सोटमुळाच्या वाटेत आडवी येतात ते वेगळेच.

प्रत्येक फाटा युरियाचा नसतो

फाटे फुटलेले गाजर दिसले की दोष खतावर टाकण्याचा मोह होतो, परंतु सोटमुळाच्या टोकाला इजा करणारी इतर कारणे तितकीच जोरदार आहेत. माळरानातील खडे, ट्रॅक्टरच्या वजनाने दबून घट्ट झालेला खालचा थर, न कुजलेले शेणखत, वाफ्यात साचून राहिलेले पाणी, पिथियम हा मुळाचे टोक कुजवणारा बुरशीसारखा सूक्ष्मजीव आणि मुळांवर गाठी आणणारे सूत्रकृमी, म्हणजे डोळ्यांना न दिसणारे धाग्यासारखे किडे, यांपैकी कशानेही गाजराला फाटे फुटू शकतात. शेतातल्या बहुतेक गाजरांना एकाच खोलीवर फाटा फुटला असेल तर खालचा थर घट्ट असल्याचा संशय बळावतो. फाट्यांबरोबर गाठी दिसल्या तर सूत्रकृमी संभवतात. आणि बिघाड खताच्या ओळीला धरून किंवा खत जास्त पडलेल्या पट्ट्यातच दिसत असेल, तर खताकडे बोट दाखवायला आधार मिळतो. जातीचाही भाग असतोच. देशी लाल गाजर आणि नँटिस यांच्या संकरातून दिल्लीच्या भारतीय कृषी संशोधन संस्थेने तयार केलेली पुसा केसर ही जात खाली निमुळती होत जाते, तर नँटिसचे गाजर नळकांड्यासारखे असून टोकाला बोथट असते. साधारण १५ ते २० अंश तापमानात रंग आणि आकार चांगला येतो, त्याहून जास्त उष्णतेत गाजरे आखूड राहतात, हेही खताच्या हिशोबापलीकडचे आहे. शेजारच्या सांगली जिल्ह्यात, मिरज तालुक्यातील कवलापूर गाव गाजरांसाठी प्रसिद्ध आहे आणि भोगीची भाजी व संक्रांतीचे वाण यांमुळे थंडीतल्या गाजराला या भागात हमखास मागणी असते. तेथे मालाची किंमत सरळपणावरून होते. गाजराची पुंगी वाजली नाही तर मोडून खाण्याची सोय म्हणीत असली, तरी विकण्यासाठी पिकवणाऱ्याला ती परवडणारी नसते.

हिशोब पोत्यांचा आणि आठवड्यांचा

महाराष्ट्रात गाजरासाठी हेक्टरी साधारण ८० किलो नत्र, ६० किलो स्फुरद आणि ६० किलो पालाश अशी शिफारस केली जाते. त्यातले निम्मे नत्र पेरणीच्या वेळी आणि उरलेले निम्मे पाच-सहा आठवड्यांनी देण्याची रीत आहे. एकरी हिशोब मांडला तर ते सुमारे ३२ किलो नत्र, म्हणजे सगळे युरियातून द्यायचे झाल्यास ७० किलो युरिया, अर्थात ४५ किलोची दीड पोती होतात. आडसाली उसाची शिफारस हेक्टरी ४०० किलो नत्राची असल्याने एकरी सुमारे १६० किलो, म्हणजे पावणेआठ पोती युरिया लागतो. ही पाचपट तफावत पाहता गाजर हे नत्राला भिणारे पीक वाटते, परंतु आडसाली ऊस शेतात १६ ते १८ महिने उभा असतो आणि गाजर तीन-साडेतीन महिन्यांत निघते. महिन्याच्या हिशोबाने दोन्ही पिकांना एकरी नऊ-दहा किलो नत्र पडते. खरा फरक चुकीची भरपाई करण्याच्या संधीत आहे, कारण उसाला एखादा हप्ता मागे-पुढे झाला तरी भरणीपर्यंत, म्हणजे उसाला मातीची भर देईपर्यंत, आणि त्यानंतरही सावरायला वेळ मिळतो, तर गाजराच्या पहिल्या महिन्यात जळालेले टोक पुढच्या कोणत्याही खताने परत येत नाही.

म्हणून पेरणीचे नत्र बियाण्याच्या ओळीत न टाकता वाफ्यात आधीच एकसारखे मिसळणे, शेणखत पूर्ण कुजलेलेच वापरणे आणि वरखत गाजर पोसायला लागताना हलक्या पाण्याबरोबर देऊन तेथेच थांबणे, ही पथ्ये पोत्यांच्या संख्येपेक्षा जास्त उपयोगी पडतात. ती साधली आहेत की नाही हे पाहण्यासाठी वेगळा खर्चही लागत नाही, कारण दाट उगवलेल्या वाफ्याची विरळणी करताना शेकडो रोपे नाहीतरी उपटून बांधावर टाकली जातात; त्यांचा पाला बाजूला सारून खालचे दोऱ्यासारखे मूळ सरळ उतरले आहे की टोकाशी करपून दुभंगले आहे, एवढे पाहिले तरी त्या वाफ्यातल्या गाजरांचा घाट काढणीच्या दोन महिने आधी कळतो.